एशियाडमधलं टेनपिन बॉलिंग: कधी यादीत, कधी यादीबाहेर

तिरकी_चाल

हांगझोऊच्या एशियाडमध्ये भारताने १०७ पदकं मिळवली तेव्हा इथे धागे धो धो वाहत होते. तिरंदाजी झाली, कबड्डी झाली, अगदी ब्रिजवरही लोक हिरिरीने भांडले. टेनपिन बॉलिंगचं (लेनवरून चेंडू सोडून दहा पिन्स पाडायचा तो खेळ) नाव कुणी काढलं नाही, आणि काढणार तरी कसं? खेळ यादीतच नव्हता.

एशियाडशी या खेळाचं नातं पहिल्यापासून असंच आहे. १९७८ला बँकॉकमध्ये आला. १९८२ला आपल्या दिल्लीत वगळला. १९८६ला सोलमध्ये परत आला, १९९०ला बीजिंगमध्ये पुन्हा बाहेर. १९९४च्या हिरोशिमापासून २०१८च्या जकार्ता-पालेमबांगपर्यंत मात्र सलग सात वेळा होता. मग हांगझोऊत डच्चू. ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांचं हे दुखणंच आहे, यजमानाच्या मर्जीवर जगायचं. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये बॉलिंग प्रदर्शनी खेळ म्हणून झालं होतं. पुरुषांत कोरियाचा क्वॉन जाँग-युल आणि महिलांत फिलिपिन्सची आरियान सेर्देन्या जिंकले. टोकियोसाठी २०१५ मध्ये जे आठ खेळ निवडून ठेवले होते त्यातही बॉलिंग होतं. शेवटच्या चाळणीत ते गळलं आणि स्केटबोर्डिंग, सर्फिंग, क्लाइंबिंग आत गेले.

आता धाग्याचं कारण. २०१४ला इंचॉनमध्ये बॉलिंगची बारा सुवर्णं होती, पुरुषांची सहा, महिलांची सहा: एकेरी, दुहेरी, तिघांचा संघ, पाचांचा संघ, ऑल-इव्हेंट्स (सगळ्या प्रकारांतली मिळून बेरीज) आणि मास्टर्स (त्या बेरजेत वर आलेल्यांची शेवटची लढत). पालेमबांगला त्यांची सहा झाली. उरलं काय, तर तिघांचा संघ, सहांचा संघ आणि मास्टर्स. एकेरी-दुहेरी गेली.

माझं म्हणणं असं की, बॉलिंग यादीतून बाहेर जाण्याइतकंच आपलं नुकसान या कपातीने केलं. एशियाडमध्ये बॉलिंगचं एकही पदक आपल्या नावावर नाही. ज्या देशात दोन-तीनच माणसं त्या दर्जाची आहेत, त्याला एकेरीच्या सहा गेममध्ये कधीतरी पदक लागू शकतं. एखाद्या दिवशी लेन समजली, हात बसला, झालं. पण सहा माणसं एकाच दिवशी चालणं आपल्याकडे कसं व्हायचं? कोरिया, जपान, मलेशिया यांच्याकडे सहा काय, सोळा निघतील.

जाणकारांनी मतं मांडावीत. मॉलमध्ये वाढदिवसाला खेळलेल्यांचंही स्वागत आहे, पण जरा दमाने घ्या. :)

---

खडूस_काका

म्हणजे ते भाड्याचे बूट घालून, एका हातात फ्रेंच फ्राइज धरून खेळतात तेच ना? माझा जावई पहिल्यांदा गेला आणि १४० करून आला. जो खेळ पहिल्या दिवशी जमतो त्याला सुवर्णपदक कशाला द्यायचं? मग पत्त्यांना द्या. अरे हो, देतातच की.

---

चढाईपटू

माझ्यासाठी या धाग्यातली सर्वांत भारी माहिती ही: १९९०ला बीजिंगमध्ये बॉलिंग बाहेर, आणि त्याच वर्षी कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी आत! सुवर्ण आपलंच. एकाच्या जागी दुसरा आला असं मी म्हणत नाहीये, पण तिरकी_चाल, आमच्याकडून तुम्हाला सहानुभूतीचा एक चहा लागू.

---

तेलकट_इंजिनिअर

काका, जावईबापूंना स्पर्धेच्या लेनवर उभं करा, ९० झाले तरी पार्टी द्या. चेष्टा करत नाहीये, कारण सांगतो. लांबण लागेल.

लेन फाउल लाइनपासून (चेंडू टाकताना जी ओलांडायची नाही ती रेघ) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, रुंदी साडेएकेचाळीस इंच, आणि त्यात ३९ फळ्या. म्हणजे एक फळी इंचाहून किंचित मोठी. या लेनवर यंत्राने तेल घालतात. किती? एका लेनला जेमतेम २०-३० मिलिलिटर. आपल्या फोडणीला याहून जास्त लागतं. डोळ्यांना ते दिसत नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

मॉलमध्ये तेल मधोमध भरपूर आणि कडेला नावापुरतं असतं. चेंडू चुकून बाहेर गेला तर कोरड्या लाकडाला पकडून आत वळतो. आत पडला तर तेलावरून सरळ घसरत जातो. दोन्हीकडून चूक सावरली जाते आणि चेंडू आपोआप पहिल्या पिनच्या बगलेत जातो. जावयाचे १४० त्या तेलाचे आहेत.

स्पर्धेत तेल आडवं बरंच सारखं पसरलेलं असतं. मधलं आणि कडेचं प्रमाण मॉलमध्ये दहास एक किंवा त्याहून जास्त असेल, तर इथे साधारण तिनास एकच्या आत. मग दोन फळ्या बाहेर गेलेला चेंडू परत येत नाही आणि दोन फळ्या आत पडलेला सरळ पहिल्या पिनच्या नाकावर आदळून स्प्लिट (मधे फट ठेवून उभ्या राहिलेल्या पिन्स) ठेवतो. त्यात लांबीही बदलते. तेल छोट्या लांबीचं असेल तर चेंडू लवकर वळतो आणि कडेने खेळावं लागतं, लांब असेल तर आतून. खेळाडूंचा एक ठोकताळा आहे: तेलाच्या फुटांतून ३१ वजा करा. ४१ फूट तेल असेल तर चेंडू दहाव्या फळीच्या आसपासून आत वळायला हवा. हा नुसता सुरुवातीचा अंदाज, पुढे डोळे आणि मनगट.

आणि ते तेल जागेवर थांबत नाही. प्रत्येक चेंडू थोडं उचलतो, थोडं पुढे ओढून नेतो. पहिल्या गेममध्ये जी रेघ सोन्यासारखी होती ती तिसऱ्यात फसवते. मग खेळाडू डावीकडे सरकतात, चेंडू बदलतात, वेग बदलतात. सहा गेमच्या स्पर्धेत खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या गेमला लागते. टीव्हीवर फक्त पिन्स पडताना दिसतात, म्हणून खेळ सोपा वाटतो.

---

कोथरूडची_कैरी

वाचनखूण साठवली! एक बाळबोध शंका: पिन्स दहा आणि चेंडू एक, मग सगळ्या पाडायला चेंडू सगळ्यांना लागायला नको का?

---

तेलकट_इंजिनिअर

छान प्रश्न. उजव्या हाताच्या आदर्श स्ट्राइकमध्ये (पहिल्याच फेकीत दहाही पिन्स) चेंडू फक्त चार पिन्सना शिवतो: १, ३, ५ आणि ९ नंबरच्या. बाकीच्या सहा पिन्स एकमेकींना पाडतात. म्हणून जोरापेक्षा कोन महत्त्वाचा. चेंडू साधारण सहा अंशांत तिरका शिरला तर सर्वांत जास्त पडतात. सरळ चेंडूला हा कोन मिळतच नाही, त्यासाठी हूक, म्हणजे वळणारा चेंडू. काकांचा आणखी एक गैरसमज खोडतो: जड चेंडू म्हणजे जास्त पिन्स असंही नाही. कमाल मर्यादा १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो, पण अव्वल खेळाडूंपैकी कितीतरी १५ वापरतात.

---

सई_सिंगापूर

इथे शाळेत बॉलिंग हा रीतसर उपक्रम आहे, शालेय राष्ट्रीय स्पर्धांमध्येही असतो. लेक शाळेच्या संघात आहे म्हणून माझे शनिवार बॉलिंग सेंटरच्या मागच्या खुर्च्यांवर जातात. खेळाडू म्हणून नाही, प्रेक्षक म्हणून लिहिते.

पहिल्यांदा मला नवल वाटलं ते मुलांच्या पिशव्यांचं. चाकांच्या बॅगेत दोन-तीन चेंडू. एक चकचकीत, एक खडबडीत घासलेला, आणि एक साधा प्लास्टिकचा, जो फक्त स्पेअरसाठी (पहिल्या फेकीत उरलेल्या पिन्स दुसऱ्या फेकीत पाडायला) काढायचा कारण तो वळत नाही. चेंडू परत आला की कुणीही तसाच उचलून फेकत नाही. आधी टॉवेलने पुसायचा. पुसण्यापूर्वी नीट पाहिलं तर त्याच्यावर तेलाची वर्तुळं दिसतात, शेजारी शेजारी, जरा जरा सरकलेली. प्रशिक्षक ती वर्तुळं बोटाने दाखवून सांगतात, बघ, इथे तुझं मनगट लवकर उघडलं. शिवाय अंगठा! खेळता खेळता तो सुजतो, मग भोक घट्ट होतं. एसीत आखडला की सैल होतं. मुलं भोकात चिकटपट्टीचे तुकडे लावत-काढत असतात. लेकीचा शाळेच्या स्पर्धेतला एक अख्खा गेम या पट्टीपायी गेला. चेंडू हातातून सुटेचना. आणि रडायलाही वेळ नव्हता, पुढची फ्रेम (गेममधल्या दहा पाळ्यांपैकी एक) शेजारच्या लेनवर लगेच होती. (जोडीच्या दोन लेनवर आलटून पालटून टाकायचं असतं, आणि दोन्ही लेन सारख्या वागत नाहीत!)

इकडच्या लोकांना बॉलिंगचा अभिमान आहे त्याचं मोठं कारण रेमी आँग. २००२च्या बुसान एशियाडमध्ये एकेरी, ऑल-इव्हेंट्स आणि मास्टर्स अशी तीन सुवर्णं. एवढ्याशा देशातला एक माणूस. २००६ला जागतिक स्पर्धेतही मास्टर्सचं सुवर्ण त्याचंच. तेव्हा धागाकर्त्यांना +१. पालेमबांगच्या साच्यात बुसानच्या त्या तिनांपैकी एकच सुवर्ण त्याच्यासाठी उरलं असतं.

---

बंगळुरी_मिसळ

अभिनिवेश बाजूला ठेवून विरोधी मत मांडतो. मी इथल्या लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळतोय, राष्ट्रीय स्पर्धेच्या खालच्या फळीत घोटाळणारा प्राणी आहे.

एकेरी असताना आपण काय दिवे लावले? शेख अब्दुल हमीद, शब्बीर धनकोट, ध्रुव सारडा, आकाश अशोक कुमार, ही आपल्याकडची राष्ट्रीय पातळीवरची मोठी नावं. माणसं कसलेली आहेत, मी त्यांच्या शेजारच्या लेनवर उभं राहून पाहिलंय. पण "एखाद्या दिवशी हात बसला" यावर पदक मिळत नाही, कारण समोर शंभरएक लोकांपैकी तीस-चाळीस जणांचा हात रोजच बसलेला असतो. सहा गेमला सरासरी २२०च्या वर लागते हो. इंचॉनमध्ये ली ना-यंगने एकटीने चार सुवर्णं नेली ती काही लॉटरी नव्हती.

सहांचा संघ ठेवला की संघटनेला सहा माणसं तयार करावी लागतात. एकेरी ठेवली की एकाला तिकीट काढून दिलं, काम संपलं. माझ्या मते लांबचा विचार केला तर कपात आपल्या भल्याची होती. (स्पर्धाच बंद झाल्यावर भलं कसलं, हा भाग वेगळा.)

आणि आपली खरी अडचण तिसरीच आहे: लेन्स. मॉलवाल्यांना गर्दीचे पैसे हवेत, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. सकाळी अकराच्या आधी दार उघडत नाही, संध्याकाळी तास विकलेले. स्पर्धेचं तेल घालून द्या म्हटलं की मॅनेजर असा बघतो की जणू किडनी मागितली. त्यात आता नव्या ठिकाणी दोरीवाल्या पिन्स येतायत. वरून दोरीने बांधलेल्या, पडल्या की ओढून घ्यायच्या. यंत्र स्वस्त, बिघाड कमी, पण पिन मोकळी उडत नाही, त्यामुळे पडझड वेगळी. अमेरिकेच्या संघटनेनेही २०२३ मध्ये तो प्रकार वेगळा गट म्हणूनच मान्य केला. त्यावर सराव करून एशियाडला जायचं म्हणजे अवघड आहे.

---

तिरकी_चाल

> एकेरी असताना आपण काय दिवे लावले?

मान्य, पण उलटं बघा. फिलिपिन्सच्या बीबॉय रिव्हेराने २००६ला दोह्यात एकेरीचं सुवर्ण घेतलं. त्यांच्याकडेही बॉलिंगला पैसा उतू जात नव्हता. एक सुवर्ण मिळालं की वर्तमानपत्रात फोटो येतो, फोटो आला की दोन पोरं लेनवर येतात. सहांच्या संघात अकरावं आल्यावर कोण येणार? तुम्ही म्हणता तशी संघटना सहा माणसं "तयार" करते हे कर्नाटकात खरं असेल. महाराष्ट्रात मी नकाशावर शोधतोय.

शिवाय मास्टर्सला पोचायचं तर सांघिक फेऱ्यांमधल्या तुमच्या स्वतःच्या बेरजेवर पोचायचं. म्हणजे वैयक्तिक पदकाची एकच खिडकी, आणि तिच्यापुढे सोळा जणांची साखळी, प्रत्येक विजयाला दहा पिन्सचा बोनस, मग पहिल्या तिघांची शिडी. असा दिवसभर टिकणारा माणूस हा वेगळाच प्राणी.

---

डावरा_डांबरट

माझ्या जमातीचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून काढतो. उजवे सगळे उजव्या बाजूचं तेल पुसून काढतात. आम्ही डावे संख्येने थोडे, त्यामुळे आमच्या बाजूचं तेल जास्त वेळ ताजं राहतं. म्हणून डावऱ्यांना सगळे शिव्या घालतात. फिलिपिन्सचा पाएंग नेपोमुसेनो डावखुरा. १९७६ला तेहरानमध्ये एकोणिसाव्या वर्षी बॉलिंगचा विश्वचषक जिंकला, मग १९८०, १९९२, १९९६. तीन वेगवेगळ्या दशकांत! तेलाची मेहेरबानी म्हणायची तर वीस वर्षांत चेंडूंचं अख्खं तंत्र बदललं होतं. रबर-प्लास्टिकच्या काळात जिंकला आणि रेझिनच्या काळातही जिंकला.

---

तेलकट_इंजिनिअर

डांबरट, अर्धं खरं. ताजं तेल म्हणजे फायदाच असं नाही. तेल लांब आणि कडेलाही भरपूर असलं की उजवे मिळून कोरडी वाट तयार करतात, तुम्हाला ती एकट्याला खणावी लागते. त्या दिवशी डावे रडतात, फक्त तेव्हा कुणी ऐकत नाही.

---

जुना_खोडरबर

बॉलिंग राष्ट्रकुल स्पर्धांमध्येही एकदाच झालंय, १९९८ला क्वालालंपूरमध्ये. तीच स्पर्धा जिथे क्रिकेटही होतं. आठवतंय का, आपले खेळाडू क्वालालंपूर आणि टोरांटो असे दोन तुकड्यांत वाटले होते आणि क्वालालंपूरला अजय जडेजा कप्तान होता? मी तेव्हा नोकरीनिमित्त मलेशियात होतो. कार्यालयातले भारतीय क्रिकेटची तिकिटं शोधत होते आणि मलेशियन सहकारी बॉलिंगची. मला ते तेव्हा अजब वाटलं. एकेरीत त्यांच्या केनी आँगने सुवर्ण घेतलं त्या दिवशी कॅन्टीनमध्ये जो कल्ला झाला तो पाहून शंका फिटली. महिलांत ऑस्ट्रेलियाच्या कारा हनीचर्चने तीन सुवर्णं नेली. एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी.

आपलं क्रिकेट त्यात कुठे पोचलं ते विचारू नका.

---

खडूस_काका

कल्ला वगैरे ठीक आहे. मला एकच सांगा, स्ट्राइक मारत सुटलं की जिंकलं, इतकं सरळ आहे ना हे? त्यात "मेंदू" कुठे येतो?

---

बंगळुरी_मिसळ

काका, गणित मांडतो. स्ट्राइकला १० अधिक पुढच्या दोन फेकींच्या पिन्स. स्पेअरला १० अधिक पुढची एक फेक. एका माणसाने अख्ख्या गेममध्ये एकही स्ट्राइक मारला नाही, पण दर वेळी नऊ पाडून उरलेली एक उचलली, आणि शेवटच्या जादा फेकीतही नऊ पाडले. त्याचे किती होतील?

---

कोथरूडची_कैरी

प्रत्येक फ्रेमला १० अधिक पुढच्या पहिल्या फेकीचे ९, म्हणजे १९. दहा फ्रेम्सचे १९०?

---

बंगळुरी_मिसळ

शाब्बास. १९०, आणि एकही स्ट्राइक नाही. आता दुसरा माणूस: पाच स्ट्राइक मारले, पण सुटे सुटे, एकाआड एक. मधल्या प्रत्येक फ्रेममध्ये नऊ पाडून एक पिन सोडली. स्ट्राइकचे १९, मोकळ्या फ्रेमचे ९. पाच जोड्यांचे १४०. काकांच्या जावयाइतके. प्रेक्षकांनी टाळ्या दुसऱ्याला वाजवल्या असतील.

म्हणून वर सईताईंनी लिहिलेला तो साधा प्लास्टिकचा चेंडू महत्त्वाचा. उजव्या हाताच्या माणसाला सगळ्यात छळते ती उजव्या कोपऱ्यातली दहा नंबरची पिन. चेंडू अगदी बरोबर शिरला तरी ती कधीकधी उभीच. तिला डावीकडून लेनभर तिरकं, न वळवता मारायचं. सहा गेम म्हणजे साठ फ्रेम्स. त्यात अशा पंधरा-वीस वेळा येतात. प्रत्येक सुटलेल्या पिनचे साधारण दहा जातात, आणि पदक दोन-चार पिन्सनीही हुकतं.

---

खडूस_काका

हम्म. जावयाला पाठवतो हा धागा.

---

कोथरूडची_कैरी

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे, त्याला खरंच शिकायचंय. पुण्यात मॉलमधल्या लेन्सच आहेत. सुरुवात कुठून करू? महागडा चेंडू आत्ताच घ्यायचा का?

---

सई_सिंगापूर

अजिबात नको. आधी बूट घ्या त्याच्या मापाचे, एका पायाला घसरणारा आणि दुसऱ्याला रोखणारा तळवा असलेले. भाड्याच्या बुटांत दोन्ही तळवे सारखेच असतात, पाऊल टाकायची सवय बिघडते. चेंडू पहिला प्लास्टिकचाच, पण त्याच्या बोटांच्या मापाने भोकं पाडून घेतलेला. तेराव्या वर्षी हात वाढत असतो, तेव्हा मधूनमधून पुन्हा मापं घ्यावी लागतील.

---

बंगळुरी_मिसळ

सईताईंशी सहमत. आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या जा, आठवड्याच्या मधल्या वारी. गर्दी नसते, दर कमी असतो. मॅनेजरला सांगून एकच लेन मागा आणि त्याला पहिले काही आठवडे स्कोअर बघूच देऊ नका. लेनवर पंधराएक फुटांवर सात बाण आहेत, त्यातला उजवीकडून दुसरा पकडायचा आणि नजर तिथेच, पिन्सकडे नाही. मग एकेका कोपऱ्यातली पिन. बंगळुरूला आलात तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, चेंडूची मापं घेणारा ओळखीचा आहे, मी सोबत येईन.

---

तिरकी_चाल

कैरी, तेरा वर्षांचा भाचा म्हणजे मी वर म्हटलेल्या दोन पोरांपैकी एक झाला. मीही पुण्यातच आहे. रविवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी येऊ शकतो, माझा जुना चौदा पौंडी चेंडू त्याला जड जाईल पण अंगठ्याची पट्टी कशी लावायची ते दाखवतो. व्यनि केलाय.